‘सर्व्हाइव्ह’ : अर्थ, मूळ आणि मराठीतले पर्याय – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी अर्ज, पत्रकं, बँकांचे कागद मराठीत आणण्याचं काम मी करते आणि संध्याकाळी मराठी माध्यमातल्या मुलांचं इंग्रजी घेते. दोन्हीकडे हे एक क्रियापद सारखं आडवं येतं. शब्दकोशात ‘जगणे, वाचणे, टिकणे’ असे अर्थ असतात, तरी वाक्य काही केल्या बसत नाही. विद्यार्थ्यांनी, शेजाऱ्यांनी आणि सहकाऱ्यांनी आजवर विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

‘सर्व्हाइव्ह’ म्हणजे नेमकं काय?

ज्यात आपण संपलो असतो ते होऊन गेलं आणि आपण अजून आहोत, हा त्याचा गाभा. मग तो अपघात असेल, आजार असेल, दुष्काळ, युद्ध, नाहीतर जवळच्या माणसाचा मृत्यू. ‘आय लिव्ह इन पुणे’ म्हटलं की गोष्ट तिथेच संपते. पण ‘आय सर्व्हाइव्ह्ड’ म्हटलं की ऐकणारा लगेच विचारतो, कशातून? या क्रियापदाच्या पाठीशी कायम काहीतरी घडून गेलेलं असतं. एवढं एक लक्षात ठेवलं तर पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

हा शब्द आला कुठून?

लॅटिनमधून, पण फ्रेंचच्या वाटेने. उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘सुपरविवेरे’ असं क्रियापद होतं. ‘सुपर’ म्हणजे वर, पलीकडे. ‘विवेरे’ म्हणजे जगणे. दोन्ही मिळून ‘पलीकडे जगणे’. फ्रेंचमध्ये ‘सुपर’ झिजून ‘सुर’ झालं आणि शब्द झाला ‘सुर्विव्र’.

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, आणि त्यानंतर काही शतकं तिथल्या दरबाराची आणि न्यायालयांची भाषा फ्रेंच राहिली. वकिलांच्या तोंडची ती फ्रेंच हळूहळू इंग्रजीत मुरली. आपल्याकडे न्यायालयात आजही फिर्याद, वकील, हजर, जामीन हे फारसी-अरबी वळणाचे शब्द चालतात, तसंच काहीसं. ‘सर्व्हाइव्ह’ पंधराव्या शतकात इंग्रजीत दिसू लागतं ते याच वकिली वाटेने. त्याचा तिथला पहिला अर्थ भूकंप-वादळातून वाचण्याचा नाही, वारसाहक्काचा आहे. दोघांच्या नावावर जमीन आहे, एक गेला, दुसरा मागे राहिला, तर जमीन कुणाची? जो मागे राहिला तो ‘सर्व्हायव्हर’. संकटातून जिवंत सुटण्याचा, आज सगळ्यात ओळखीचा झालेला अर्थ त्याच्यामागून रुळला.

मला हे कळलं तेव्हा खूप गोष्टींचा उलगडा झाला. आपण हा शब्द सिनेमातून आणि बातम्यांतून शिकतो, म्हणून आपल्याला आधी जंगल, समुद्र, बर्फ आठवतं. शब्दाला मात्र आधी घर, जमीन आणि मृत्यूचा दाखला आठवतो.

याचं संस्कृतशी किंवा मराठीशी काही नातं आहे का?

आहे, आणि शब्दाच्या दोन्ही तुकड्यांचं आहे.

लॅटिन ‘विवेरे’ आणि संस्कृत ‘जीव्’ हे एकाच मूळ धातूचे वंशज आहेत. ऐकताना ‘व’ आणि ‘ज’ दूरचे वाटतात, पण मूळ इंडो-युरोपीय भाषेत, म्हणजे या सगळ्या भाषांची पूर्वज मानल्या जाणाऱ्या भाषेत, ‘ग्व’सारखा एक ध्वनी होता. तो लॅटिनमध्ये ‘व’ झाला, ग्रीकमध्ये ‘ब’ झाला, जर्मानिक भाषांत ‘क्व’ किंवा ‘क’ झाला, आणि संस्कृतात कधी ‘ग’, तर ‘इ’सारख्या स्वरापुढे ‘ज’ झाला. म्हणून लॅटिन ‘विवेरे’, ग्रीक ‘बिओस’, जुनं इंग्रजी ‘क्विक’ आणि आपला ‘जीव’ ही सख्खी भावंडं. एकटं उदाहरण पटत नसेल तर दुसरं घ्या : संस्कृतचा ‘गौ’ आणि इंग्रजीतली ‘काउ’. तिथेही तोच ध्वनी आहे, आपल्याकडे ‘ग’ झालेला आणि त्यांच्याकडे ‘क’.

आता ‘सुपर’. ते संस्कृतच्या ‘उपरि’चं नातलग. ग्रीक ‘हायपर’ आणि इंग्रजी ‘ओव्हर’ त्याच कुळातले. ‘उपरि’ प्राकृतातून येताना ‘उवरि’ झालं आणि मराठीत त्याचं ‘वर’ झालं, तेच ‘टेबलावर’मधलं ‘वर’. तेव्हा ‘सर्व्हाइव्ह’चे सुटे भाग आपल्या घरातही आहेत : ‘उपरि’ आणि ‘जीव’. संस्कृतात ते असे जोडले गेले नाहीत इतकंच.

‘क्विक’ म्हणजे तर लवकर. ते जीवाशी कसं जुळतं?

‘क्विक’चा जुना अर्थ ‘जिवंत’ असाच होता. जिवंत ते हलतं, म्हणून पुढे चपळ, आणि मग जलद. जुना अर्थ काही ठिकाणी टिकून आहे. पाऱ्याला इंग्रजीत ‘क्विकसिल्व्हर’ म्हणतात, म्हणजे जिवंत चांदी. बोटाने टोचला की पळतो, म्हणून. नख फार खोल कापलं गेलं की खालचं जे हुळहुळं मांस लागतं, त्यालाही ‘क्विक’ म्हणतात. एखादं बोलणं मनाला फार लागलं तर इंग्रज म्हणतो की ते त्या मांसापर्यंत कापत गेलं. आपण म्हणतो जिव्हारी लागलं. दोघांचा हात एकाच दुखऱ्या जागी जातो.

फ्रेंच येण्याआधी इंग्रजीत यासाठी शब्दच नव्हता?

होता. जुन्या इंग्रजीत ‘ओफरलिब्बन’ असा शब्द होता, म्हणजे शब्दशः ‘ओव्हर-लिव्ह’. कल्पना तीच, वर किंवा पलीकडे जगणं. जर्मनमध्ये आजही ‘युबरलेबेन’ म्हणतात. इंग्रजीत मात्र वकिलांचा फ्रेंच शब्द पुढे गेला आणि ‘ओव्हरलिव्ह’ मागे पडला. ‘आउटलिव्ह’ आहे, पण त्याचा वापर मुख्यतः ‘अमक्यापेक्षा जास्त जगणे’ एवढ्यापुरता.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट ‘लिव्ह’ या साध्या शब्दाची आहे. त्याच्या मुळाशी जो धातू आहे त्याचा अर्थ चिकटणे, चिकटून राहणे. संस्कृतचा ‘लिप्’ तोच. त्यावरून आपले लेप, लिंपणे. चिकटून राहतं ते उरतं, आणि उरतं ते जगतं, अशा पायऱ्यांनी इंग्रजीत ‘लिव्ह’ आणि ‘लाइफ’ तयार झाले. मागे ठेवणे या अर्थाचं ‘लीव्ह’ही त्याच धातूचं. कुडाच्या भिंतीला शेणमाती लिंपणाऱ्या बाईच्या हातातला शब्द आणि इंग्रजीतलं ‘आयुष्य’ एकाच मुळाचे आहेत.

‘सर’ने सुरू होणारे बाकीचे इंग्रजी शब्दही असेच आहेत का?

बरेच. ‘सरचार्ज’ म्हणजे वरचा आकार, ‘सरप्लस’ म्हणजे वर उरलेलं, ‘सरफेस’ म्हणजे वरचा चेहरा, ‘सरनेम’ म्हणजे वरचं नाव. ‘सर्व्हे’ म्हणजे वरून पाहणं. ‘सुपरवाइज’ही लॅटिनच्या त्याच जोडीतून आलं आहे, फक्त ते फ्रेंचच्या वाटेने आलं नाही म्हणून त्याचं ‘सुपर’ शाबूत राहिलं.

मात्र ‘सर्जन’ या यादीत नाही. तो शब्द ग्रीक ‘हात’ या शब्दावरून आला, हाताने काम करणारा. आणि मुलं हमखास विचारतात म्हणून सांगते : सरपंच, सरदार, सरकार यांतला ‘सर’ फारसी आहे, त्याचा अर्थ डोकं.

आणि ‘व्हाइव्ह’च्या बाजूचे?

‘रिव्हाइव्ह’ म्हणजे पुन्हा जिवंत करणे. ‘व्हिव्हिड’ म्हणजे जिवंत वाटेल असं, ठसठशीत. ‘व्हायटल’ म्हणजे जीवाशी निगडित. ‘व्हिटॅमिन’ हा शब्द काझिमिर फुंक या शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये घडवला, तोही लॅटिन ‘विता’ म्हणजे ‘जीवन’ यावरून. कॉलेजातला ‘वायवा’ही यातलाच : ‘विवा वोचे’, जिवंत आवाजाने, म्हणजे तोंडी. वायवाच्या आदल्या रात्री जीव मुठीत धरून बसलेल्या मुलांना मी हे आवर्जून सांगते.

बँकेच्या पासबुकावर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असतं. त्याचा अर्थ काय?

हाच शब्दाचा सर्वांत जुना अर्थ, आणि तो आपल्या कपाटात, रबर लावलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत पडून असतो.

दोघांच्या नावाचं खातं असेल आणि त्यावर हा शिक्का असेल, तर दोघांपैकी कुणीही एक सही करून व्यवहार करू शकतो, आणि एक जण वारला तर मागे राहिलेल्याला पैसे मिळतात. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ असेल तर पहिलं नाव ज्याचं आहे तोच व्यवहार करतो, तो गेल्यावर दुसरा. नॉमिनीचा नंबर त्याच्याही नंतर, म्हणजे सगळेच खातेदार गेल्यावर. ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते आणि ऐन दुःखात घरात वाद होतात. आणखी एक : मागे राहिलेल्याला पैसे दिले की बँकेची जबाबदारी संपते. त्या पैशांवर इतर वारसांचा हक्क आहे की नाही, हा वेगळा कायद्याचा प्रश्न.

आमच्या शेजारच्या काकूंबरोबर मी काकांचं नाव खात्यावरून कमी करायला गेले होते. बँकेचं नाव इथे महत्त्वाचं नाही. काउंटरवरच्या माणसाने पासबुक उघडलं, बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘‘सर्व्हायव्हर कोण?’’ काकूंनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘म्हणजे मीच का गं?’’ चौदा दिवस झाले होते फक्त. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि त्या छापील ओळीवर बोट फिरवलं. पासबुकावरची निळी शाई मधे पुसट झाली होती. काका दर महिन्याला ते खिशात घालून एंट्री करायला न्यायचे. तेवीस वर्षं ती ओळ त्या दोघांच्या नावाखाली होती आणि तिचा अर्थ त्या दिवशी कळला.

मराठी अर्जांवर आता ‘उत्तरजीवी’ असा शब्द दिसतो. तो बरोबर आहे, ‘उत्तर’ म्हणजे नंतर. पण काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला तो तितकाच परका. मी अर्जाचं मराठी करते तेव्हा ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेली व्यक्ती’ असं लिहिते. लांब होतं, चालतं. ‘हयात’ शब्द मूळ अरबी, पण दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देणाऱ्या पेन्शनर मंडळींना त्याचा अर्थ समजवावा लागत नाही.

हिंदू कायद्यातली ‘सर्व्हायव्हरशिप’ हीच का?

कल्पना तीच. मिताक्षरा या जुन्या हिंदू कायदा-पद्धतीच्या एकत्र कुटुंबात एक सहदायक, म्हणजे कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क असलेला माणूस, वारला की त्याचा हिस्सा मागे राहिलेल्या सहदायकांत मिसळून जायचा. त्यालाच उत्तरजीवित्वाने जाणं म्हणत. हे सहदायक पुरुषच असत, त्यामुळे मागे राहिलेली विधवा किंवा मुलगी घरात हयात असूनही या अर्थाने ‘सर्व्हायव्हर’ नसे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने यात काही बदल केले. महाराष्ट्राने १९९४ मध्ये स्वतःची दुरुस्ती करून मुलींना सहदायक केलं. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर तो हक्क देशभर लागू झाला आणि एकत्र कुटुंबातला हिस्सा असा आपोआप मिसळून जाणं बंद झालं. आता तो मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काच्या नियमांनी जातो. एका शब्दाच्या व्याख्येत कोण बसतं यावर किती बायकांची आयुष्यं अवलंबून होती, हे या कलमांत दिसतं.

‘ही इज सर्व्हाइव्ह्ड बाय हिज वाइफ’ या वाक्यात गेलं कोण?

नवरा गेला, बायको मागे आहे. माझ्या वर्गात निम्मी मुलं उलटं सांगतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. ‘सर्व्हाइव्ह्ड’ दिसलं की ‘तो वाचला’ असं वाटतंच, आणि पुढे ‘बायकोमुळे’ असं जोडलं की गोष्ट सरळ होते : बायकोने वाचवलं!

वाक्य कर्मणी आहे. कर्तरी केलं की उलगडतं : बायको त्याला ‘सर्व्हाइव्ह’ करते, म्हणजे त्याच्या पलीकडे जगते. मराठी वर्तमानपत्रात याचं तयार भाषांतर रोज छापून येतं : ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे.’ हे वाक्य आपण वाचून न वाचल्यासारखं करतो, पण भाषांतरकाराला ते देणगीच आहे. ‘पश्चात’मध्ये ‘सुपर’चा पूर्ण अर्थ आला आहे, जरी इंग्रजी वर पाहतं आणि मराठी मागे पाहतं.

‘सर्व्हाइव्ह्ड फ्रॉम द अ‍ॅक्सिडेंट’ बरोबर की चूक?

चूक. ‘अपघातातून वाचला’मधला ‘-तून’ आपण इंग्रजीत ओढून नेतो. या क्रियापदाला कर्म थेट लागतं : ‘सर्व्हाइव्ह्ड द अ‍ॅक्सिडेंट’. पलीकडे जाण्याचा अर्थ ‘सर’मध्येच आहे, पुन्हा ‘फ्रॉम’ कशाला? ‘ऑन’ मात्र चालतं, पण अर्थ बदलतो. ‘सर्व्हाइव्ह ऑन राइस’ म्हणजे नुसत्या भातावर दिवस काढणं.

मराठीत याला एक नेमका शब्द का नाही?

कारण मराठी आधी विचारते, कशातून आणि कसं. एकच शब्द नसणं ही उणीव आहे असं मला वाटत नाही. वाक्य हातात घेऊन बघावं लागतं, एवढंच.

माणूस मरणाच्या दारातून परत आला तर तो वाचला. नाना फडणवीस पानिपतावरून वाचले. तिथे ‘जगले’ म्हटलं तर वाक्य लंगडतं. धोका अंगावरून गेला आणि फारसं लागलं नाही तर बचावला. बातमीत ‘थोडक्यात बचावले’ असं येतं ते म्हणून. बुराडी घाटावर जानेवारी १७६० मध्ये जखमी होऊन पडलेल्या दत्ताजी शिंद्यांच्या तोंडचं म्हणून सांगितलं जाणारं ‘बचेंगे तो और भी लडेंगे’ हिंदीत आहे आणि मराठी माणसाने ते तसंच ठेवलं. ‘वाचलो तर’ म्हटलं असतं तर त्यात लढण्याची ती उसळी आली नसती असं मला वाटतं.

रोप तगतं. हा शब्द शहरात मरत चालला आहे याचं मला फार वाईट वाटतं. दहा रोपं लावली, सहा तगली. तगण्यात अपघात नाही. त्यात रोजचं ऊन, कमी पाणी, खराब माती आहे, आणि तरीही मुळं धरून राहणं आहे. छोटे व्यवसाय, गावच्या शाळा, बोलीभाषा यांच्याबद्दल इंग्रजीत ‘सर्व्हाइव्ह’ आलं की मी आधी ‘तगणे’ लावून बघते. बहुतेक वेळा बसतं.

वस्तू, इमारत, प्रथा टिकते. हस्तलिखिताच्या ज्या प्रती नष्ट झाल्या नाहीत त्या उरतात : ‘ओन्ली टू कॉपीज सर्व्हाइव्ह’ म्हणजे ‘दोनच प्रती उरल्या आहेत’. ‘उर्वरित’ आणि ‘उरणे’ यांत जे बाकीचं गेल्याचं दुःख आहे ते ‘टिकणे’मध्ये नाही. टिकण्यात शाबासकी आहे, उरण्यात हळहळ.

आणि एक शब्द असा आहे ज्याची इंग्रजीला बरोबरी करता येणार नाही : तरणे. वारकरी परंपरा सांगते की तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या. गाथा तरली. पाण्यावर तरंगली आणि नाश पावण्यापासून वाचली, दोन्ही एका शब्दात. वर येण्याची कल्पनाही आहे. ‘सुपर’च्या इतक्या जवळ जाणारा दुसरा मराठी शब्द मला सापडलेला नाही.

पगार पुरत नाही तेव्हा माणूस दिवस काढतो किंवा निभावून नेतो. मोठ्या अपघातातून कुणी वाचलं की आजी म्हणायची, ‘काळ आला होता पण वेळ आली नव्हती.’ हेही ‘सर्व्हाइव्ह’चंच भाषांतर आहे, आणि वाचलेला माणूस समोर बसलेला असतो तेव्हा यासारखं दुसरं नाही.

पुस्तक ‘वाचणे’ आणि जीव ‘वाचणे’ हा एकच शब्द आहे का?

नाही. आज एकसारखे दिसतात आणि ऐकूही येतात. पुस्तकाचं वाचणं संस्कृतच्या ‘वच्’कडून, म्हणजे बोलण्याकडून आलं, पूर्वी वाचणं म्हणजे मोठ्याने म्हणणंच होतं. जीव वाचण्याचं वाचणं वेगळ्या मुळाचं, आणि जुन्या मराठीत ते ‘वांचणें’ असं, डोक्यावर अनुस्वार देऊन लिहीत. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि दोन्ही शब्द कागदावर एक झाले. जुनं छापील पुस्तक हाती आलं तर हा टिंब मुद्दाम शोधून बघा.

बोलताना ‘सर्व्हाइव्ह होणं’ म्हणावं की ‘सर्व्हाइव्ह करणं’?

लोक दोन्ही म्हणतात आणि नकळत फरकही करतात. ‘एवढ्या मोठ्या अ‍ॅक्सिडेंटमधून तो सर्व्हाइव्ह झाला’. ‘मुंबईत या पगारात सर्व्हाइव्ह करणं सोपं नाही’. आपल्या हातात नव्हतं तिथे ‘होणं’, रोज झटावं लागतं तिथे ‘करणं’. इंग्रजीत हा भेद नाही, मराठीने तो घातला. उच्चारात जोर ‘व्हाइव्ह’वर, ‘सर’ हलका. लिहिताना सर्व्हाइव्ह, सर्व्हाईव्ह, सर्वाइव्ह सगळंच दिसतं. एका लेखात एकच ठेवा, पुरे.

‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ म्हणजे ‘बळी तो कान पिळी’ ना?

अजिबात नाही, आणि हे भाषांतर शाळांमधून जितक्या लवकर जाईल तितकं बरं. हा शब्दप्रयोग हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज विचारवंताने १८६४ मध्ये केला. वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञाच्या सुचवण्यावरून डार्विनने तो ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या आपल्या ग्रंथाच्या १८६९ च्या, म्हणजे पाचव्या आवृत्तीत घेतला. ‘फिट’ म्हणजे इथे जुळणारा, चपखल बसणारा. व्यायामशाळेतला ‘फिट’ नव्हे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी महाकाय डायनोसॉर नामशेष झाले आणि छोटे सस्तन प्राणी तगले. तिथे कान पिळण्याची ताकद कुणाकडे होती? ‘जुळला तो तगला’ असं मी मुलांना सांगते.

‘व्हिक्टिम’ म्हणावं की ‘सर्व्हायव्हर’? मराठीत काय लिहावं?

ज्याच्याबद्दल लिहायचं आहे त्याला विचारता आलं तर आधी विचारावं.

इंग्रजीत ‘सर्व्हायव्हर’ शब्दाला गेल्या काही दशकांत मान आला. कॅन्सर झालेले अमेरिकन डॉक्टर फिट्झह्यू मुलन यांनी १९८५ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की आजार बरा झाला किंवा नाही एवढ्या दोनच खणांत रुग्णाला बसवू नये. निदानापासून पुढचं सगळं जगणं हे ‘सर्व्हायव्हल’ आहे. लैंगिक अत्याचाराबद्दल बोलतानाही बऱ्याच स्त्रिया हा शब्द पसंत करतात, कारण ‘व्हिक्टिम’मध्ये जे झालं तेवढंच दिसतं आणि ती बाई दिसत नाही.

मराठीत आपण ‘पीडिता’ लिहितो, किंवा ‘-ग्रस्त’ लावतो : पूरग्रस्त, धरणग्रस्त, प्रकल्पग्रस्त. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. त्यातून वाचलेली माणसं सरकारी कागदावर आणि बातमीत ‘भूकंपग्रस्त’ झाली आणि वर्षानुवर्षं तशीच राहिली. ग्रस्त म्हणजे गिळलेला, ग्रासलेला. ज्याने दगडाखालून स्वतः बाहेर येऊन पुन्हा घर उभं केलं त्याला ‘भूकंपाने गिळलेला’ म्हणणं मला पटत नाही. जपानीत अणुबॉम्बमधून वाचलेल्यांना ‘हिबाकुशा’ म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थही ‘बॉम्बचा आघात झालेला’ असाच आहे. पण त्या लोकांनी तो शब्द स्वतःच उचलून आयुष्यभर अण्वस्त्रांविरुद्ध साक्ष दिली आणि २०२४ चं शांततेचं नोबेल त्यांच्या संघटनेला मिळालं. तेव्हा शब्द कुणाच्या तोंडी आहे यावरही पुष्कळ अवलंबून असतं. मी स्वतः जमेल तिथे ‘भूकंपातून वाचलेले’ असं लिहिते.

रिपोर्टमध्ये ‘पाच वर्षांचा सर्व्हायव्हल रेट’ असतो. म्हणजे पाचच वर्षं आयुष्य उरलं?

नाही. हा गैरसमज फार घबराट करतो. निदान झाल्यापासून पाच वर्षांनी शंभरातले किती जण हयात होते, एवढंच तो आकडा सांगतो. पुढे ते वीस वर्षंही जगतील. आकड्याने फक्त पाचव्या वर्षी मोजणी केली. शिवाय तो आधीच्या रुग्णांवरून काढलेला असतो, आज तुमच्या घरात असलेल्या रुग्णाचं भविष्य त्यात लिहिलेलं नसतं. त्याचा अर्थ तुमच्या डॉक्टरांकडूनच समजून घ्या.

‘सर्व्हायव्हरशिप बायस’ काय असतं?

वाचलेल्यांकडेच पाहून निष्कर्ष काढण्याची चूक. दुसऱ्या महायुद्धातला एक किस्सा यासाठी नेहमी सांगितला जातो. परत आलेल्या अमेरिकन विमानांवर गोळ्यांची भोकं कुठे जास्त आहेत ते पाहून तिथे चिलखत वाढवावं, असा विचार होता. न्यूयॉर्कमध्ये काम करणारे गणितज्ञ अब्राहम वाल्ड यांनी उलटं सांगितलं : जिथे भोकं दिसत नाहीत तिथे वाढवा. तिथे गोळी लागलेली विमानं परतच आली नाहीत. वाल्ड पुढे भारतात व्याख्यानांसाठी आले होते आणि डिसेंबर १९५० मध्ये निलगिरीच्या डोंगरात झालेल्या विमान अपघातात गेले.

‘आमच्या वेळी शाळेत छड्या खाल्ल्या, काही बिघडलं का आमचं?’ हे वाक्यही याच चुकीचं. ज्यांचं बिघडलं, ज्यांची शाळा सुटली, ते हे वाक्य म्हणायला समोर नसतात.

नुकतंच कुणी गेलेल्या घरी हा शब्द वापरावा का?

कागदावर असेल तर वाचून दाखवा, अर्थ सांगा, पण त्या माणसाला त्या शब्दाने हाक मारू नका. बँकेत किंवा कुठल्याही कार्यालयात काउंटरच्या त्या बाजूला बसणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. ‘सर्व्हायव्हर कोण?’ याऐवजी ‘खातं आता काकूंच्या एकट्या नावावर करायचं ना?’ असं विचारता येतं. काम तेवढंच होतं. त्या दिवशी शेवटी शेजारच्या काउंटरवरच्या बाईंनी तसं विचारलं, खुर्ची ओढून दिली, आणि काकूंनी मग तीन ठिकाणी सावकाश सह्या केल्या.